‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’: स्वादुपिंडाच्या गाठीवरच्या मेसेजला उत्तर

वर्धा-यवतमाळकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘स्वादुपिंडात पाण्याची गाठ निघाली तर सुई लावू देऊ नका, कॅन्सर अंगभर पसरतो. पाण्यात कॅन्सरच्या पेशी नाही निघाल्या, तर कॅन्सर नाहीच. आणि रक्ताच्या सीए १९-९ तपासणीत सगळं कळतं, मग सुई कशाला?’ “पसरते म्हणते ना भाऊ, मग कायले जायचं नागपूरला?” असं म्हणून लोक ठरलेली तारीख मोडतात, म्हणून हे लिहितोय.

आधी सुईचं. दुर्बीण तोंडावाटे जठरात नेतात आणि तिच्या टोकावरच्या सोनोग्राफीत बघत, जठराच्या किंवा लहान आतड्याच्या भिंतीतून बारीक सुई गाठीत घालतात. सुईच्या वाटेवर कॅन्सर रुजल्याची उदाहरणं आहेत, पण ती फार विरळ. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्यात, म्हणजे आतड्याला लागून असलेल्या टोकात, असेल तर सुई आतड्याच्या ज्या भागातून जाते, तो भाग ऑपरेशनमध्ये सहसा काढलाच जातो. स्वादुपिंडाला सूज, रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे धोके आहेत, तेही शंभरात मोजक्यांना. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. आणि प्रत्येक गाठीला सुई लागतही नाही. लहान, साधी दिसणारी गाठ नुसती एमआरआयवर बघत राहतात.

दुसरा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. गाठीतून बऱ्याचदा दोन-चार मिलीलीटरच पाणी येतं, त्यात पेशी तुरळक. त्यातही सुई जठरातून आलेली, म्हणून जठराच्या अस्तराच्या पेशी मिसळतात, आणि त्या श्लेष्मल (आत चिकट श्लेष्मा बनवणाऱ्या) गाठीच्या पेशींसारख्याच दिसतात. म्हणून पॅथॉलॉजिस्टने कॅन्सरच्या पेशी आहेत असं लिहिलं तर ते बहुधा खरं असतं. ‘दिसल्या नाहीत’ लिहिलं तर गाठ साफ आहे असं होत नाही. कॅन्सर असूनही पेशी हाती न लागणं नेहमीचं आहे.

त्यासाठीच त्या पाण्याच्या आणखी तपासण्या होतात. थेंब दोन बोटांत धरून ओढला आणि त्याची तार सुटली, तर आत श्लेष्मा आहे. पाण्यातलं सीईए (अशा गाठीच्या पेशी सोडतात ते एक प्रथिन) मिलीलीटरमागे १९२ नॅनोग्रॅमच्या वर किंवा साखर १०० मिलीलीटरमागे ५० मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर गाठ बहुधा श्लेष्मल, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणाऱ्या जातीची. आज त्यात कॅन्सर आहे की नाही, हे मात्र सीईए सांगत नाही. अमायलेज (स्वादुपिंडाचा पाचक रस) लिटरमागे २५० युनिटच्या खाली असेल, तर स्वादुपिंडाच्या सुजेनंतर होणारी साधी गाठ बहुतेक नाही. केआरएएस, जीएनएएस या जनुकांत बदल झालेत का हे तपासलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. डॉक्टर हे सगळं एमआरआयशी ताडून ठरवतात: स्वादुपिंडाची मुख्य नळी १० मिलिमीटर किंवा जास्त फुगली आहे का, गाठीत घट्ट गोळा आहे का, कावीळ आहे का.

सीए १९-९ बद्दल थोडक्यात. हा रक्तातला एक पदार्थ, स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा वाढतो. पित्तनलिका तुंबून कावीळ झाली तरी ते वाढतं, आणि काही लोकांच्या शरीरात ते जन्मतःच तयार होत नाही. त्यांना कॅन्सर असूनही रिपोर्ट नॉर्मल येतो.

ज्यांच्या घरी असा ‘पेशी दिसल्या नाहीत’चा रिपोर्ट पडून आहे, त्यांनी पुढची एमआरआय कधी, हे लिहून घ्यावं. ती कापूस वेचणीत येत असेल तर डॉक्टरांना सांगून वेचणीच्या आधीची तारीख मागा, आणि जाताना पाण्याच्या तपासणीचे सगळे कागद सोबत न्या.