तुटला तो उजवा जॉइंट, बदलला होता डावा

नमस्कार सर,

आमच्या गॅरेजवरचा तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. ८ दिवस सांगून जिप्सी १९ दिवसांनी हातात दिली, ही चूक आमचीच. मनापासून माफी मागतो. ट्रान्स्फर केस (इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी गियरची पेटी) खाली उतरवली तेव्हा तिच्या तीन आर्मपैकी एकाला तडा निघाला आणि माउंटिंगची रबरं फाटलेली मिळाली, म्हणून काम वाढलं. पण ते फोन करून सांगायला हवं होतं. तसंच राहून गेलं.

बाकी बोलणी ऐकून घेतली असती. पण "डुप्लिकेट जॉइंट लावला, पहिल्याच ट्रेलला तुटला" हे चार लोकांसमोर लिहिलंत, ते काही गिळवत नाही. तुटला तो उजव्या चाकाचा जॉइंट, म्हणजे चाक वळलेलं असतानाही त्याला इंजिनचा जोर पोचवणारा सांधा. आम्ही बदलला तो डावा. बिल काढून बघा, "पुढचा एक्सल जॉइंट, डावा, १ नग" असं स्पष्ट लिहिलंय. तो डावा आजही गाडीत आहे आणि ठणठणीत आहे.

डावं नकल (जॉइंट ज्यात बसतो ते चाकामागचं गोल घर) उघडलं तेव्हा आत ग्रीस नव्हतंच, दुधाळ तपकिरी काला होता. बाहेरचं वायपर सील फाटून पाणी आत गेलं होतं आणि आतलं एक्सल सील गळून डिफरन्शियलचं (एक्सलच्या मधल्या, दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या गियरचं) तेल त्यात मिसळत होतं. एका बाजूला असं निघालं की दुसरीकडेही तेच असणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. उजवी बाजू उघडायचे १,८०० रुपये सांगितले, तुम्ही म्हणालात "पुढच्या वेळी बघू". ते तेव्हाच लिहून घ्यायला हवं होतं.

आता तुटलेल्या जॉइंटचा तो तुकडा. या जॉइंटमध्ये सहा गोळ्या असतात, त्या पिंजऱ्यात बसतात आणि बाहेरच्या वाटीच्या खाचांमधून फिरतात. चाक सरळ असताना सहाही गोळ्या भार वाटून घेतात. स्टेअरिंग फुल मारलं की त्या खाचेत मागेपुढे सरकतात, काही वाटीच्या अगदी तोंडाशी येतात, आणि भिंतीला आधार सगळ्यात कमी तिथेच असतो. तुमच्या वाटीचा टवका नेमका तोंडाशीच उडालाय. मोडलेल्या कडेचा बराच भाग दाणेदार, चकचकीत आहे, म्हणजे नवा. पण एका टोकाला बोटाच्या पेराएवढा पट्टा काळपट आहे, त्यात जुनं ग्रीस मुरलंय. तडा आधीपासून होता, ट्रेलवर फक्त पूर्ण झाला.

त्यावर भार किती टाकला तेही बघा. मूळ २०५/७० आर १५ चा टायर साधारण २६ इंच उंच भरतो, तुमचे ३१ इंची. टायर १८ टक्के मोठा, म्हणजे तीच पकड मिळाली तरी जॉइंटला तेवढाच जास्त पीळ बसतो. (पिकअप गेला म्हणता तोही यातलाच भाग, इंजिनला आम्ही हात लावलेला नाही. आणि मीटरवर ६० दिसतं तेव्हा गाडी ७० च्या वर असते, हायवेला लक्षात असू द्या.) त्यात पुढचा लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र जखडणारा पार्ट, तुम्हीच आणून दिलेला. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरलं की दुसऱ्यालाही तेवढाच कमी जोर मिळतो, त्यामुळे जॉइंट आपोआप वाचतो. लॉकर असला की ज्या चाकाला पकड आहे त्या एकट्यावर सगळा जोर येऊ शकतो. तुम्हीच फोनवर सांगितलंत की चाक दगडाला अडकलं होतं, फोर-लोमध्ये (चारही चाकांना हळू पण जास्त जोर देणाऱ्या गियरमध्ये) रिव्हर्स टाकला आणि स्टेअरिंग फुल होतं. त्या जागी नवाकोरा जॉइंटही वाचला असता असं छातीठोक सांगता येणार नाही.

आणि एक गोष्ट लिहिणार नव्हतो. गाडी देताना नकलवरचे स्टेअरिंग स्टॉपचे बोल्ट आम्ही दोन आटे बाहेर घेऊन लॉक नट कसले होते, वर पिवळ्या रंगाची खूण मारली होती. मोठ्या टायरला आणि लॉकरला फुल वळण मिळू नये, एवढ्यासाठीच. गाडी टो होऊन आली तेव्हा उजव्या बोल्टची खूण तुटलेली आणि बोल्ट पार आत गेलेला. यू-टर्न मोठा लागतो म्हणून कुणीतरी पाना लावलाय. कुणी, ते विचारत नाही.

ट्रान्स्फर केसमध्ये ४.१६ चा लो गियर सेट दुसरीकडून टाकून घेणार असं रिव्ह्यूत लिहिलंय. जरूर घ्या, पण कुठेही टाका, आधी दोन्ही बाजूंना क्रोमोली (जास्त मजबूत पोलादाचे) जॉइंट घाला. मूळ लो गियरचं गुणोत्तर २.२६८ आहे, ४.१६ केल्यावर जॉइंटवरचा पीळ जवळपास १.८ पट होईल. सोबत ट्रान्स्फर केसची ब्रॅकेटही जाड करून घ्या, नाहीतर तोच आर्म परत फाटेल. लोकल लेथवर ईएन-२४ पोलादातून एक्सल शाफ्ट होतो, पण हीट ट्रीटमेंट नीट झाली आहे की नाही ते विचारल्याशिवाय घेऊ नका, ती झालेला आणि न झालेला वरून दोन्ही सारखेच दिसतात. पुढच्या हबचे सहा बोल्ट पहिल्या १०० किलोमीटरनंतर परत कसायला लावा, ते ढिले पडले की कापले जातात. डिफरन्शियलचं तेल पुढे २ लिटर, मागे दीड, आणि खोल पाण्यातून गाडी काढली असेल तर दुसऱ्याच दिवशी प्लग सोडून बघा. दुधाळ दिसलं की बदला, किलोमीटर मोजत बसू नका.

यापुढे जे काम नको म्हणाल त्याच्यावर सही घेऊ, आणि दिवस सांगताना जरा हात राखून सांगू. उजवा जॉइंट बसवायची मजुरी घेणार नाही, फक्त पार्टचे पैसे द्या. तुटलेली वाटी पुसलेली नाही, तशीच काउंटरवर ठेवली आहे. रिव्ह्यू बदला असं म्हणत नाही, पण एकदा येऊन ती कड बघून जा. रविवारी दुपारी एकपर्यंत आम्ही असतो.