विकतची यादी, विकतचे फॉलोअर्स: त्या व्हायरल मेसेजला उत्तर

‘एजन्सीला पैसे देऊ नका, सात दिवसांत ग्राहकांची रांग लावा’ अशा मथळ्याचा डिजिटल मार्केटिंगवरचा एक मेसेज सध्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. तो माझ्या मामेबहिणीपर्यंत पोचला आणि ती यादी विकणाऱ्याला आगाऊ पैसे द्यायच्या बेतात होती, म्हणून हे उत्तर लिहितोय.

मेसेजचं म्हणणं असं: एक लाख ईमेल आणि मोबाइल नंबरांची तयार यादी घ्या, रोज मेसेज टाका, शंभरात एक आला तरी हजार ग्राहक. दहा हजार फॉलोअर्स विकत घ्या, म्हणजे लोकांचा विश्वास बसतो. वेबसाइट लागत नाही. पोस्ट टाका आणि बूस्ट (पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं फेसबुक-इन्स्टाग्रामवरचं बटण) दाबा, जितके लाइक तितकी विक्री. पानावर कीवर्ड (लोक गुगलवर शोधताना टाकतात ते शब्द) पन्नास वेळा लिहा, गुगलवर पहिला नंबर हमखास. ओळखीच्यांकडून पाच-पाच स्टार घ्या.

यादीचा मुद्दा सगळ्यांत घातक आहे, म्हणून आधी तोच.

‘एक लाख पत्त्यांची यादी घ्या आणि रोज पाठवा’

‘शंभरात एक’ हा हिशेब पाठवलेला प्रत्येक मेल वाचला जातो असं धरून केलाय. विकतच्या यादीत तसं होत नाही. त्यातले बरेच पत्ते बंद पडलेले असतात, त्यांना पाठवलेला मेल परत येतो. काही पत्ते तर मुद्दाम ठेवलेले सापळे असतात. ते कुठल्याच खऱ्या माणसाचे नसतात, त्यामुळे तिथे मेल गेला की पाठवणाऱ्याने परवानगी न घेता पत्ते गोळा केलेत हे आपोआप उघड होतं. आणि जे पत्ते खरे असतात, त्यांच्या मालकांनी तुमचं नावही ऐकलेलं नसतं. ते थेट ‘स्पॅम’चं बटण दाबतात.

ते बटण किती महाग पडतं हे जीमेलच्या नियमांत लिहिलेलं आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी अटी घातल्या. २४ तासांत वैयक्तिक जीमेल खात्यांवर सुमारे ५,००० किंवा जास्त मेल पाठवलेत की तुम्ही ‘बल्क सेंडर’ ठरता. एकदा ठरलात की कायमचे ठरता, नंतर संख्या कमी केली तरी शिक्का जात नाही. म्हणजे ही एक लाखाची यादी एकदाच वापरली तरी पुरे. मग स्पॅम तक्रारींचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली ठेवायचं आणि ०.३ टक्क्याला कधीच पोचू द्यायचं नाही, अशी अपेक्षा आहे. इनबॉक्सात पोचलेल्या हजार मेलमागे तीन तक्रारी झाल्या की तुम्ही धोक्याच्या रेषेवर आलात. अनोळखी हजार लोकांमधले तिघे चिडणार नाहीत, असं हा मेसेज लिहिणाऱ्याला खरंच वाटतं का?

त्यातही एक खोच आहे. ही टक्केवारी काढताना इनबॉक्सात पोचलेले मेलच धरतात. जे आधीच स्पॅम फोल्डरमध्ये पडले, ते हिशेबात येत नाहीत. त्यामुळे एक लाख पाठवले म्हणून तक्रारी त्या एक लाखात विरून जातील, ही समजूत चुकीची आहे.

नुकसान त्या जाहिरातीपुरतं राहत नाही. पत मोजली जाते ती तुमच्या डोमेनची, म्हणजे ईमेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाची. ज्या डोमेनवरून लाखभर नको असलेले मेल गेले, त्याच डोमेनवरून तुमची बिलं, कोटेशनं, ऑर्डर मिळाल्याची पोच आणि पासवर्ड बदलायचे मेल जातात. तेही स्पॅममध्ये पडायला लागतात. जुना ग्राहक ‘कोटेशन आलंच नाही’ म्हणतो, तुम्ही ‘पाठवलंय’ म्हणता, आणि दोघंही खरं बोलत असता.

व्हॉट्सअ‍ॅपचीही तीच गत. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये जास्तीत जास्त २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. ही अडवणूक मुद्दाम ठेवलेली आहे. ती टाळणारी बल्क सॉफ्टवेअरं अनधिकृत असतात. नंबर बंद झाला की सगळ्या ग्राहकांकडे सेव्ह असलेला तुमचा धंद्याचा नंबरच जातो. अधिकृत रस्ता व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस प्लॅटफॉर्मचा. तिथे ग्राहकाची आधी संमती लागते, आपण होऊन पाठवायचा मेसेज मंजूर टेम्प्लेटमध्ये (आधी मान्य करून घेतलेल्या मजकुराच्या साच्यात) बसवावा लागतो, आणि ग्राहकाने मेसेज केल्यापासून २४ तास मोकळेपणी उत्तरं देता येतात.

ईमेल हे साधन चांगलंच आहे. यादी स्वतःची हवी, इतकंच. वेबसाइटवर छोटा फॉर्म ठेवा: नाव आणि ईमेल, त्यापलीकडे काही विचारू नका. संमतीची चौकट आधीच टिक करून ठेवू नका. फॉर्म भरल्यावर खात्रीचा मेल जाऊ द्या आणि त्यातल्या लिंकवर क्लिक केल्यावरच नाव यादीत घ्या. चुकीचे टाइप झालेले पत्ते इथेच गळतात. कोण कधी, कुठल्या फॉर्ममधून आलं याची नोंद ठेवा.

डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनची माहिती जिथे सगळ्यांना वाचता येते त्या नोंदवहीत) तीन नोंदी लागतात. एसपीएफ सांगतं की आमच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात. डीकेआयएम प्रत्येक मेलवर सही करतं. डीमार्क सांगतं की या दोन्हींत न बसणाऱ्या मेलचं काय करायचं. डीमार्क सुरुवातीला ‘नुसतं कळवा’ या पातळीवर ठेवा, अहवाल बघा, मग कडक करा. पहिल्याच दिवशी कडक केलंत तर बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून जाणारे तुमचेच मेल अडतील. एसपीएफची नोंद एकच असते. नवी सेवा जोडताना दुसरी वेगळी नोंद टाकली की दोन्ही निकामी होतात. ही चूक फार जण करतात.

प्रत्येक प्रचाराच्या मेलमध्ये एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय हवी आणि दोन दिवसांत नाव निघायला हवं. जाहिरातीचे मेल शक्यतो वेगळ्या सबडोमेनवरून (मूळ डोमेनच्या आधी एक शब्द जोडून केलेल्या नावावरून) पाठवा. आणि ‘किती जणांनी उघडला’ या आकड्यावर विसंबू नका. २०२१ मध्ये अ‍ॅपलने मेलमध्ये खाजगीपणाची जी सोय आणली, तिच्यामुळे माणसाने मेल न उघडताही ‘उघडला’ अशी नोंद होते. क्लिक आणि उत्तरं मोजा.

‘बूस्ट दाबा, जितके लाइक तितकी विक्री’

इथे एक अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. एखादी पोस्ट आपली आपण चांगली चाललेली असेल, किंवा एखाद्या कार्यक्रमाची तारीख आसपासच्या लोकांना कळवायची असेल, तर बूस्ट चालतं. पण विक्रीसाठी नाही. कारण मेटाची (फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या कंपनीची) यंत्रणा तुम्ही जे मागाल तेच शोधते. लाइक-कमेंट मागितलंत तर लाइक करायची सवय असलेली माणसं शोधून देते. ती विकत घेणारी असतीलच असं नाही.

विक्री हवी असेल तर अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये जाऊन उद्दिष्ट ‘सेल्स’ किंवा ‘लीड्स’ (चौकश्या) निवडा आणि वेबसाइटवर पिक्सेल (मेटाचा छोटा कोड) बसवा, म्हणजे खरेदी किंवा चौकशी झाली हे यंत्रणेला कळेल. नवा अ‍ॅड सेट (एक बजेट आणि एक प्रेक्षकवर्ग असलेला जाहिरातींचा गट) शिकण्याच्या अवस्थेत असतो. तिथून बाहेर पडायला आठवड्यात साधारण ५० वेळा ती ठरवलेली कृती घडावी लागते. लोक दुसऱ्याच दिवशी बजेट बदलतात, तिसऱ्या दिवशी फोटो बदलतात, आणि मोठा बदल केला की शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. मग ‘जाहिरात चालत नाही’ असं ठरवून मोकळे होतात. आठवड्यात ५० खरेद्या होण्याइतकं बजेट नसेल तर अलीकडची पायरी धरा: कार्टमध्ये वस्तू टाकणं किंवा चौकशीचा फॉर्म भरणं. आणि एकाच छोट्या बजेटचे पाच अ‍ॅड सेट करू नका, एकही शिकून पूर्ण होणार नाही.

लाइकऐवजी काय मोजायचं? समजा जाहिरातीवर १२,००० खर्च झाले, ६० चौकश्या आल्या आणि ६ ग्राहक झाले. एका चौकशीला २०० पडले, एका ग्राहकाला २,०००. एका ग्राहकामागे तुम्हाला १,५०० सुटत असतील आणि तो परत येणारा नसेल, तर पोस्टला कितीही लाइक पडोत, तुम्ही तोट्यात आहात. तोच ग्राहक वर्षात तीनदा येत असेल, तर हाच खर्च परवडतो. हे गणित कुठलंही बटण तुमच्यासाठी करणार नाही.

ग्राहक कुठून आला हे कळायला प्रत्येक लिंकला यूटीएमची शेपटी (लिंकच्या शेवटी जोडायची खूण) लावा: स्रोत, माध्यम, मोहीम. सगळं लहान इंग्रजी अक्षरांत लिहा, कारण गुगल अ‍ॅनालिटिक्स (साइटवर कोण कुठून आलं ते मोजणारं साधन) मोठं आणि लहान अक्षर वेगळं धरतं आणि एकाच स्रोताच्या दोन ओळी होतात. स्वतःच्याच साइटमधल्या पानापानांच्या लिंकांना मात्र यूटीएम लावू नका, मूळ स्रोत पुसला जातो. शिवाय मेटा आणि गुगल या दोन्हींच्या अहवालांतल्या विक्रीची बेरीज करू नका. एकाच माणसाने दोन्हीकडच्या जाहिराती पाहिल्या असतील तर ती विक्री दोघंही आपल्या नावावर लावतात. खरा आकडा तुमच्या बिलांमध्ये असतो.

‘गुगलवर पहिला नंबर हमखास’

गुगलने स्वतःच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलंय की पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही. तिथेच असंही म्हटलंय की केलेल्या सुधारणांचा फायदा दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागतं. सात दिवसांची गोष्ट इथेच संपते.

कीवर्ड पन्नास वेळा कोंबणं हे तर गुगलच्या स्पॅम धोरणात नाव घेऊन निषिद्ध केलेलं आहे. ‘मेटा कीवर्ड्स’चा टॅगही (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी कीवर्डची ओळ; मेटा कंपनीशी संबंध नाही) क्रम लावताना वापरत नाही, हे गुगलने २००९ मध्येच जाहीर केलं. तरी अजून लोक तो भरून देण्याचे पैसे घेतात.

उपयोगाचं काम वेगळं आहे. प्रत्येक सेवेला स्वतंत्र पान द्या आणि ग्राहक जे शब्द वापरतो ते शीर्षकात घ्या. सर्च कन्सोल (तुमची पानं कुठल्या शोधांत दिसतात ते दाखवणारं गुगलचं साधन) जोडा आणि सरासरी ८ ते २० व्या क्रमांकावर असलेले शोध बघा. त्या पानांमध्ये थोडी भर घातली तर फरक पडण्याची शक्यता सगळ्यांत जास्त, कारण गुगल ती पानं आधीच त्या शोधासाठी दाखवतंय. मोबाइलवर पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा. बहुतेक वेळा अडचण असते ती कॅमेऱ्यातून जसाच्या तसा टाकलेल्या प्रचंड फोटोची.

मेसेजने सर्च जाहिरातींचं (गुगलवर शोधल्यावर निकालांसोबत दिसणाऱ्या जाहिरातींचं) नावही घेतलेलं नाही. आज गरज असलेला माणूस आजच शोधत असतो, म्हणून लवकर ग्राहक हवे असतील तर ते साधन जास्त कामाचं. तिथे पैसे गळतात ते ठरलेल्या जागी. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये मूळ पर्याय ‘तिथे असलेले किंवा त्यात रस असलेले’ असा असतो, तो ‘तिथे असलेले’ असा करा. सर्च मोहिमेत डिस्प्ले नेटवर्कची (इतर साइटांवर जाहिरात दाखवायच्या पर्यायाची) टिक काढा. आणि दर आठवड्याला शोधशब्दांचा अहवाल उघडून ‘मोफत’, ‘नोकरी’, ‘कोर्स’ असे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये (ज्या शोधांवर जाहिरात दाखवायची नाही त्या शब्दांत) टाका.

उरलेले मुद्दे

विकतचे फॉलोअर्स: ती खाती काही विकत घेत नाहीत, आणि पुढे ‘फॉलोअर्ससारखे लोक शोधा’ असं जाहिरातीत सांगितलंत तर यंत्रणा त्या खोट्या खात्यांसारखीच खाती शोधेल. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तर २०२४ मध्ये नियम करून धंद्यासाठी असे खोटे फॉलोअर्स विकणं आणि जाणूनबुजून विकत घेणं, दोन्हीवर बंदी घातली.

ओळखीच्यांचे स्टार: कर्मचाऱ्यांनी दिलेले किंवा काही देऊन घेतलेले रिव्ह्यू गुगलच्या धोरणात बसत नाहीत. खऱ्या ग्राहकाला काम झाल्याच्या दिवशी रिव्ह्यूची लिंक पाठवा, एवढं पुरतं.

वेबसाइट लागत नाही: सुरुवातीचे काही महिने गुगलच्या बिझनेस प्रोफाइलवर (गुगल सर्च आणि मॅप्सवर दिसणाऱ्या धंद्याच्या नोंदीवर) निघतात, हे खरं. पण सोशल मीडियाचं पान बंद झालं की सगळं जातं. डोमेन तरी घ्याच, आणि ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर नोंदवा. जाहिरात खातंही तुमच्या मालकीचं हवं आणि एजन्सीला त्यात फक्त प्रवेश द्यायचा. खातं एजन्सीच्या नावावर असेल तर फारकत झाल्यावर पिक्सेलने जमवलेली माहितीही तिच्याकडेच राहते.

मेसेज वाचून ज्यांनी यादी घेऊन मेल पाठवलेच आहेत, त्यांनी आजच पाठवणं थांबवावं आणि ती यादी पूर्ण डिलीट करावी. ‘यातले चांगले पत्ते ठेवू’ म्हणू नका, सापळे ओळखता येत नाहीत. गुगलचं पोस्टमास्टर टूल्स मोफत आहे, तिथे डोमेन जोडून तक्रारींचं प्रमाण बघा. मग काही आठवडे फक्त अलीकडे खरेदी केलेल्या किंवा स्वतःहून उत्तर दिलेल्या लोकांनाच, थोड्या संख्येत मेल पाठवा. प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली टिकलं तरच संख्या हळूहळू वाढवा. नवं डोमेन घेऊन त्यावरून लगेच हजारोंनी मेल पाठवायला जाऊ नका. नव्या डोमेनला काहीच पत नसते, ते पहिल्यापेक्षा लवकर अडकतं.