परदेशातला कोर्स आखताना आधी त्या गावाला विचारा ना

स्टडी अब्रॉडच्या कुठल्याही कोर्सचं माहितीपत्रक उघडा, पहिल्या पानावर विद्यार्थ्याला काय मिळणार तेच असतं. क्रेडिट्स किती, स्किल्स कोणती, सीव्हीवर काय लिहिता येईल. ज्या गावात हे सगळं होणार त्याचा फोटो असतो, पण त्या गावाला यातून काय मिळणार हे शोधूनही सापडत नाही. माझ्या मते घोळ इथेच सुरू होतो. आधी कोर्स ठरतो, तारखा ठरतात, फी ठरते आणि मग त्यात बसणारं गाव शोधलं जातं. खरं तर आधी गावाला विचारायला हवं की तुमचे प्रश्न कोणते, त्यात आमच्या पोरांचा काही उपयोग आहे का, आम्ही आलेलं चालेल का. आणि नको म्हणाले तर विषय संपला. असा कोर्स विद्यार्थ्यालाही जास्त शिकवतो असं माझं ठाम मत आहे.

न्यूझीलंडचं बघा. तिथे कौरी नावाचं प्रचंड झाड आहे, हजार वर्षांहून जास्त जगू शकतं. त्याच्या मुळांना एक रोग लागलाय आणि तो मातीतून पसरतो, अगदी बुटाला चिकटलेल्या चिमूटभर मातीतूनसुद्धा. ऑकलंडजवळच्या वाइताकेरे डोंगररांगेतल्या जंगलावर तिथल्या ते कावेराऊ आ माकी या माओरी समाजाने डिसेंबर २०१७ मध्ये राहुई लावली, म्हणजे जंगलाला सावरू द्या, तोवर आत पाऊल टाकू नका अशी परंपरेने घातलेली बंदी. ऑकलंड काउन्सिलने तिथला बहुतेक जंगलभाग बंद केला तो २०१८ मध्ये. आता समजा तुमचा फॉरेस्ट इकॉलॉजीचा कोर्स नेमका त्या मधल्या काही महिन्यांत आहे, विद्यार्थी पैसे भरून, अर्धं जग ओलांडून आलेत, काय कराल? ज्याने कोर्स आखताना नकाराची शक्यता धरलेली नसते तो काहीतरी पळवाट काढून आत जातो. ज्याने धरलेली असते तो जंगलाबाहेर थांबतो आणि ही बंदी कोणी घातली, कुठल्या अधिकाराने, सरकारी यंत्रणेला तेच करायला इतका वेळ का लागला हे त्याच लोकांकडून ऐकायची सोय करतो, अर्थात त्यांना बोलायची इच्छा असेल तर. इकॉलॉजी आणि राजकारण एकत्र शिकवणारा यापेक्षा चांगला वर्ग मला तरी माहीत नाही.

आणि जिथे आत जायला परवानगी आहे तिथेही पहिला तास बुटांचा असू दे. कौरीच्या जंगलांच्या वाटांवर बूट साफ करायची स्टेशनं असतात, तळव्याच्या खाचांतली माती ब्रशने खरवडून काढायची, मग जंतुनाशक, मगच पुढे, आणि बाहेर पडताना पुन्हा तेच. बेडकांचा अभ्यास करणाऱ्यांनाही हे लागू आहे, कारण कायट्रिड बुरशीने जगभरात बेडकांच्या कितीतरी जाती संपवल्यात आणि एका ओढ्यातले ओले बूट नि जाळी दुसऱ्या ओढ्यात नेणारा निसर्गप्रेमी विद्यार्थीसुद्धा ती बुरशी नेऊ शकतो. नुसतं निसर्गावर प्रेम असून भागत नाही.

दुसरं म्हणजे एकाच जागी वर्षानुवर्षं जा. कोस्टा रिकात तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर हिरव्या समुद्री कासवांची नोंद १९५० च्या दशकापासून होतेय. रात्री अंधारात चालायचं, लाल दिवा, तोही जपून, मादी वाळूत खड्डा खणत असताना लांब थांबायचं, अंडी घालायला लागली की मगच मागच्या बाजूने जाऊन पाठीवर टेप लावून मोजमाप घ्यायचं आणि पायावरचा टॅगचा नंबर लिहायचा. एक हंगाम संपला की हीच मादी परत अंडी घालायला यायला दोन-तीन वर्षं लागतात, पिल्लू मोठं होऊन किनाऱ्यावर यायला तर काही दशकं. म्हणजे तीन आठवड्यांसाठी आलेल्या पोराच्या नोंदीला एकटीला काहीच अर्थ नाही, ती आधीच्या आणि नंतरच्या नोंदींना जोडली गेली तरच कामाची. त्यामुळे दरवर्षी नवा देश, नवं 'एक्सायटिंग' प्रोजेक्ट ही जी हौस आहे ना कोर्सवाल्यांना, ती मला अजिबात पटत नाही. पद्धत तीच ठेवा, माणसं बदलू द्या, आणि डेटा तिथल्या लोकांकडे, त्यांना वाचता येईल अशा भाषेत राहू द्या.

दक्षिण आफ्रिकेतल्या सान या मूळनिवासी लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता काढली, आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी, आणि आमच्या ठरलेल्या रीतीने परवानगी घ्या. अशी वेळ का आली? हूडिया नावाच्या वनस्पतीने भूक मारता येते हे त्यांचं पिढ्यान्पिढ्यांचं ज्ञान, पण त्यावर आधी दुसऱ्यांनीच पेटंट घेतलं, आणि त्यांच्याशी फायदा वाटून घ्यायचा करार झाला तो २००३ मध्ये. फील्डवर्कला जाणाऱ्या प्रत्येकाने निघायच्या आधी हे वाचलेलं असावं. विचारवंत इव्हान इलिच यांनी तर १९६८ मध्येच मेक्सिकोत अमेरिकन स्वयंसेवक विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं होतं की बघायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. मला ते आजही पटतं. भाषा न येणाऱ्या, बांधकाम न येणाऱ्या वीस वर्षांच्या मुलांनी शाळेची भिंत बांधण्यापेक्षा तिथल्या गवंड्याला मजुरी द्या.

पैशाचं आणि अधिकाराचंही स्पष्ट बोलूया. गावातली जी बाई औषधी वनस्पती ओळखायला शिकवते ती या कोर्सची शिक्षिका आहे, तिला शिक्षिकेचं मानधन द्या आणि मार्क देण्यातही तिचं मत घ्या. त्याच वर्गात स्थानिक कॉलेजच्या मुलांसाठी जागा ठेवा, फीशिवाय, आणि क्रेडिट त्यांनाही मिळू दे. विमानाचं म्हणाल तर दहा दिवस राहा नाहीतर चार महिने, जाण्यायेण्याचा धूर तेवढाच, त्यामुळे कमी मुलं न्या, जास्त दिवस न्या आणि पोचल्यावर बस-ट्रेनने फिरवा.

अजून एक, करारातलं. २०२० मध्ये सीमा बंद झाल्या, विद्यार्थी येणं थांबलं, आणि फीच्या रिफंडवर भरपूर चर्चा झाली. ज्या घरांनी होमस्टेसाठी खोल्या वाढवल्या होत्या, त्यासाठी कर्ज काढलं होतं, त्यांचं काय? कोर्स रद्द झाला तरी गावाला ठरलेल्या रकमेचा अमुक भाग द्यायचाच, हे कलम पहिल्या मसुद्यातच लिहा, आणि त्या मसुद्यावर गावाची सही झाल्याशिवाय अ‍ॅडमिशन उघडू नका.