बिनभाड्याची खोली, फक्त भाडं ॲडव्हान्स

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण अमेरिकेत कोर्टाच्या पायरीच्या आधी काउंटी (म्हणजे इकडचा जिल्हा) जेलचा दरवाजा लागतो, आणि हे सांगायला आपले आजोबा काही इकडे आले नव्हते, त्यामुळे ते काम माझ्यावर आलंय. इकडच्या आणि इकडे येऊ घातलेल्या सगळ्या मराठी मंडळींनी नीट वाचा, सेव्ह करून ठेवा. वेळ काही सांगून येत नाही.

आधी डोक्यातनं एक काढून टाका. तुरुंगाला आपण बिनभाड्याची खोली म्हणतो ना, ते तिकडे. इकडे त्या खोलीला डिपॉझिट आहे, एजंटचं ब्रोकरेज आहे, मेंटेनन्स आहे, काही ठिकाणी तर चक्क दिवसाचं भाडं आहे, आणि घरमालक, म्हणजे जेल चालवणारा काउंटीचा पोलीसप्रमुख शेरीफ, बहुतेक काउंट्यांमध्ये लोकांनी मतं देऊन निवडलेला असतो. पुण्यात पेठेत भाड्याने राहिला असाल तर तुमची निम्मी तयारी झालीये असं समजा.

दुसरं म्हणजे "पण मी काही केलंच नाही" हे पालुपद घरी ठेवून जा. गुन्हा सिद्ध होऊन लांबची शिक्षा लागली की माणूस प्रिझनमध्ये जातो, ते राज्याचं नाहीतर केंद्राचं. जेल वेगळं, ते काउंटीचं. देशभरातल्या अशा जेलांमध्ये कुठल्याही दिवशी साधारण साडेसहा लाख माणसं असतात आणि दहातल्या सात जणांचा निकालच लागलेला नसतो, ते नुसते तारखेची वाट बघत बसलेले. वर्षभराच्या ॲडमिशन मोजल्या तर ७० लाखांच्या वर जातात. मेरिट लिस्ट नाही, मुलाखत नाही. टेक्सासमध्ये एका बाईने गाडीत सीटबेल्ट लावला नव्हता, पोरांनाही लावला नव्हता, जास्तीत जास्त दंड ५० डॉलर, तेवढ्यावर तिला बेड्या घालून नेलं आणि २००१ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे घटनेत बसतं. म्हणजे तुमचं बसणार नाही असं काही नाही.

आमच्या एका मित्राचं बसलं. नाव सांगत नाही, गणपतीच्या आरतीला तुम्ही त्याच्या शेजारीच उभे असता. स्पीडिंगचं तिकीट आलेलं, कोर्टाची तारीख विसरला, पत्रं जुन्या अपार्टमेंटच्या पत्त्यावर जात राहिली, कोर्टाने वॉरंट काढलं, आणि आठ महिन्यांनी गाडीचा मागचा दिवा लागत नाही म्हणून पोलिसाने थांबवलं तेव्हा ते स्क्रीनवर दिसलं. वार शुक्रवार, संध्याकाळचे सात. तर पहिली टीप: अटक करून घ्यायचीच असेल तर सोमवारी सकाळी करून घ्या. शुक्रवारी संध्याकाळी गेलात तर जज केव्हाच घरी गेलेला असतो आणि त्याचा वीकेंड तुमच्यापेक्षा बरा जाणार असतो.

आत गेल्यावर बुकिंग. फोटो (आपल्या पासपोर्टच्या फोटोपेक्षा बरा येतो, खोटं नाही), बोटांचे ठसे, बेल्ट, लेस, पाकीट, फोन, सगळं एका पिशवीत सील. हातातला सत्यनारायणाचा धागा कात्रीने कापतात. मग कपडे उतरवून तपासणी. गुन्हा किरकोळ आहे हो, असं सांगून उपयोग नाही, न्यू जर्सीतला एक माणूस अशीच तक्रार घेऊन सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता, ज्या दंडासाठी त्याला धरलं तो त्याने आधीच भरलेला होता, तरी दोन काउंट्यांच्या दोन जेलांत दोनदा कपडे काढायला लावले, आणि २०१२ ला निकाल आला की जेलला तो अधिकार आहे. लाजू नका, आंघोळीला गेलोय समजा.

आता फोन. ही एकच टीप मी अगदी मनापासून देतोय, आज रात्री बसून दोन नंबर पाठ करा. मोबाईल पिशवीत गेला की बायकोचा नंबर कुणालाही आठवत नाही. आमच्या मित्राला आयुष्यात पाठ असलेले नंबर दोनच, एक सांगलीच्या घरचा लँडलाइन, जो कधीच कट झालाय, आणि दुसरा माझा, कारण ग्रोसरीच्या दुकानात तो गेली सहा वर्षं माझ्या नंबरावर डिस्काउंट घेतोय. तिथून फोन आला की आधी रेकॉर्ड केलेली बाई बोलते, की तुम्हाला काउंटी जेलमधून फोन आहे, कैद्याचं नाव... आणि तिथे मोकळी जागा असते, कैद्याने स्वतःच्या आवाजात नाव सांगायचं. त्या दोन सेकंदात आमच्या भावाने नाव सांगायच्या ऐवजी "अरे मी बोलतोय उचल" एवढंच ठोकलं. मी स्पॅम समजून कट केला. दोनदा.

तिसऱ्यांदा उचलला तर बाई म्हणाली आधी अकाउंट उघडा, कमीत कमी २५ डॉलर टाका, वर फी. टाकले. हे २०२२ चं. तेव्हा फोनवाली कंपनी काउंटीला त्यातला वाटा द्यायची, म्हणजे घरमालकाला तुमच्या गप्पांवरही कमिशन, आणि तुम्ही जितकं "जेवलास का" विचारणार तितकं काउंटीचं भलं. वॉशिंग्टनच्या मार्था राइट नावाच्या एका आजींना आत असलेल्या नातवाशी बोलणं परवडेना म्हणून त्या वर्षानुवर्षं भांडल्या, त्यांच्या नावाचा कायदा झाला २०२३ च्या जानेवारीत, तोवर त्या जाऊनही काही वर्षं झाली होती. मग २०२४ ला सरकारने मोठ्या जेलसाठी मिनिटाला ६ सेंटची मर्यादा ठरवली, २०२५ ला आधी म्हणाले एवढी घाई कशाला, २०२७ ला बघू, आणि त्याच वर्षी ती मर्यादाच वाढवून टाकली. आणि हो, कॉल रेकॉर्ड होतो, सरकारी वकील मागवून ऐकू शकतो. मराठीत बोललं की कुणाला काय कळतंय, असं समजणाऱ्यांनी आपल्या भाषेला कमी लेखू नये.

त्याच्या आईचे मेसेज मला चालू. काय सांगणार? म्हटलं काकू, तो कंपनीच्या ट्रेनिंगला गेलाय, तिथे फोन अलाउड नाही. त्यावर काकूंचा मेसेज, "जेवणाची सोय आहे ना रे?"

काकू, सोय आहे. नाश्ता पहाटे साडेचारला, जेवण दुपारी, रात्रीचं जेवण संध्याकाळी साडेचारला, सूर्यास्ताच्या आधी, अगदी चातुर्मासाचे नियम. दोन पांढरे ब्रेड आणि मध्ये बलोनीचा, म्हणजे मांसाच्या सॉसेजचा, गुलाबी गोल तुकडा. हा व्हेज, त्यात श्रावण चाललेला. त्याने तो तुकडा वरच्या बंकवाल्याला दिला, त्या बदल्यात त्या दादाने त्याला कमिसरीतलं रामेन, म्हणजे नूडल्स, चिप्सच्या रिकाम्या पिशवीत नळाच्या गरम पाण्यात कसं भिजवायचं ते दाखवलं, आणि अर्धं दिलं. कमिसरी म्हणजे आतलं किराणा दुकान, बाहेरच्या माणसाने कैद्याच्या खात्यात पैसे टाकायचे (फी वेगळी) आणि त्याने दामदुप्पट भावात घ्यायचं. रामेन तिथे खायची वस्तू कमी आणि चलन जास्त. व्हेज जेवण हवं असेल तर चॅप्लेनकडे, म्हणजे जेलच्या धर्मगुरूकडे, धर्माच्या कारणाने अर्ज करायचा, सुटेपर्यंत कदाचित मंजूरही होईल.

पण जेवणाचा खरा विषय घरमालकाशिवाय पुरा होत नाही. अलाबामात कित्येक दशकं असा कायदा होता की कैद्यामागे दिवसाला पावणेदोन डॉलर शेरीफला मिळणार आणि जेवण घालून जे उरेल ते शेरीफचं स्वतःचं. आपल्याकडे मेसवाल्या मावशी महिन्याअखेरीस आमटीत पाणी घालतात तर आपण किती बोलतो. तिथल्या मॉर्गन काउंटीच्या शेरीफने ट्रकभर कॉर्न डॉग स्वस्तात उचलले, म्हणजे काडीला लावलेले तळलेले सॉसेज, आणि आठवडेच्या आठवडे तेच खायला घातले. तीन वर्षांत उरलेले २ लाख १२ हजार डॉलर घरी नेले. २००९ ला फेडरल जज इतका वैतागला की त्याने शेरीफलाच आत टाकलं. त्या रात्री मेनू काय होता ते काही माझ्या वाचनात नाही आलं. त्याच राज्यातल्या इटोवा काउंटीच्या शेरीफने तीन वर्षांत साडेसात लाखांच्या वर शिल्लक काढली आणि समुद्रकाठी ७ लाख ४० हजाराचं घर घेतलं. २०१८ ला ते पेपरात आलं, तो निवडणूक हरला, आणि २०१९ ला कायदा बदलला. काटकसर म्हणजे काय ते यांच्याकडून शिकावं.

सगळेच घरमालक हरतात असं मात्र नाही. ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीचे जो अरपायो सहा वेळा निवडून आले. १९९३ ला त्यांनी कैद्यांना तंबूत ठेवायला सुरुवात केली, फिनिक्सच्या उन्हाळ्यात, दिवसातून दोनदा जेवण, कॉफी बंद, आणि अंडरवेअर गुलाबी, म्हणजे कुणी चोरून नेणार नाही. लोकांना भारी आवडायचं. नंतर कोर्टाचा हुकूम मोडल्याबद्दल २०१७ ला ते स्वतः दोषी ठरले आणि महिन्याभरात राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफ केलं. त्यामुळे माफी पाहिजे असेल तर आतल्या बाजूला न जाता थेट शेरीफच झालेलं बरं.

तब्येतीची काळजी नको. १९७६ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने कैद्याला औषधोपचार मिळणं हा घटनेतला हक्क आहे, जो बाहेर फिरणाऱ्या साध्या अमेरिकन माणसाला नाही. दाढ दुखतेय आणि डेंटल प्लॅन नाही अशांनी विचार करायला हरकत नाही. पद्धत सोपी आहे. अर्ज भरायचा, त्या अर्जाला आत "काइट" म्हणतात, म्हणजे आपला पतंग. उडवायचा आणि वर बघत बसायचं. कुणी काटला तर दुसरा. नंबर लागला तर बऱ्याच ठिकाणी नर्सला भेटायचे पैसे खात्यातून कापतात. मनाचा आजार असेल तर लॉस एंजेलिस आणि शिकागोची काउंटी जेलं देशातल्या सगळ्यात मोठ्या मनोरुग्णालयांत मोजली जातात, म्हणजे स्पेशालिटी म्हणा ना.

आणि डिपॉझिट, म्हणजे बेल, आपला जामीन. जेलच्या समोर रस्त्यापलीकडे निऑनच्या पाट्या लावून २४ तास उघडी दुकानं असतात, बेल बाँडवाले. बेल २५०० ठरली तर पूर्ण रक्कम कोर्टात भरा, तारखांना हजर राहिलात की परत मिळते. नसेल तर एजंटला १० टक्के द्या, तो तुमच्यासाठी हमी देतो, ते २५० कायमचे गेले, केस खोटी निघाली तरी गेले. ब्रोकरेज कधी परत मिळालंय का कुणाला? असा धंदा अमेरिका सोडली तर फिलिपिन्समध्ये चालतो, बाकी जगाला अजून सुचलेला नाही. इलिनॉयने तर २०२३ च्या सप्टेंबरात पैशाची बेलच बंद करून टाकली, करंटेपणा दुसरं काय.

२०१५ च्या जुलैत टेक्सासच्या वॉलर काउंटीत सँड्रा ब्लँड नावाच्या २८ वर्षांच्या मुलीला लेन बदलताना इंडिकेटर न दिल्यावरून थांबवलं, शब्दाला शब्द वाढला, आत टाकलं. बेल ५००० डॉलर. घरचे पैसे जमवत होते. तीन दिवसांनी ती कोठडीत फास लागलेली सापडली. ब्रोकरेज ५०० डॉलर होतं.

व्हिसावाल्यांसाठी थोडं वेगळं. ठसे दिले की ते आपोआप इमिग्रेशनकडे जातात, आणि त्यांनी डिटेनर, म्हणजे याला सोडू नका असा कागद, पाठवला तर बेल भरूनही मुक्काम वाढू शकतो. काही काउंट्या आपल्या खाटा इमिग्रेशनवाल्यांना दिवसाच्या भाड्याने देतात, म्हणजे पोटभाडेकरू आलेच. आपल्या वकिलातीला कळवा असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे, पण तोंडाने सांगावं लागतं.

मी शनिवारी भेटायला गेलो. लॉबीत एक भिंतीला टांगलेला स्क्रीन आणि वायरचा फोन. मित्र त्याच बिल्डिंगमध्ये, फार तर शंभर पावलांवर, पण प्रत्यक्ष भेट बंद केलीये, व्हिडिओवर बोलायचं. कॅमेरा असा लावलेला की मला नुसतं त्याचं कपाळ दिसत होतं आणि मागे एक माणूस दात घासताना. पहिलं वाक्य काय बोलावं, "आईला काय सांगितलंस?"

बेल मी दुपारी दोनला भरली. सोडलं रविवारी पहाटे पावणेतीनला. का, ते विचारू नका, कागद फिरत होते. त्या वेळेला बस नसते, आणि फोनची बॅटरी पिशवीतच मेलेली असते. आत जाताना पाकिटात ४३ डॉलर रोख होते, ते रोख नाही मिळाले, तेवढ्याचं प्रीपेड कार्ड मिळालं, त्याला पडून राहिलं तरी मेंटेनन्स आणि मशीनमधून काढलं तरी फी. आम्हाला वाटलं हे फक्त आमच्याच काउंटीचं डोकं, पण नाही, मिनेसोटाच्या रॅमझी काउंटीत अटक झालेल्या प्रत्येकाच्या खिशातून २५ डॉलर बुकिंग फी काढून उरलेले असेच कार्डावर द्यायचे, गुन्हा दाखल झालाच नाही तर फॉर्म भरून २५ परत मागायचे, आणि २०१६ ला अपील कोर्टाने म्हटलं चालेल.

गाडीत बसल्यावर तो पहिल्यांदा काय म्हणाला असेल तर, मागचा दिवा बघ आधी. बघितला, लागत होता. मग दोघं चोवीस तास उघड्या असलेल्या डायनरमध्ये गेलो, त्याने तीन कप कॉफी आणि पॅनकेक खाल्ले, आणि पहाटे चारला, म्हणजे तिकडे दुपारी, आईला फोन लावून सांगितलं की ट्रेनिंग छान झालं, जेवण जरा अळणी होतं.

राहता राहिलं माझं ते फोनचं अकाउंट. त्यात अजून १६ डॉलर ४० सेंट पडून आहेत, रिफंडसाठी फोन केला की वीस मिनिटं गाणं लागतं, आणि वापरले नाहीत तर बुडतील असा मेसेज येतो. कुणी जाणार असेल तर कळवा, पासवर्ड देतो.