चांगला चालत होता ना रे तो?

हा प्रश्न आईने शनिवारी सकाळपासून रविवारी रात्रीपर्यंत मला सात वेळा विचारला. सातही वेळा खरं उत्तर एकच होतं: हो. कॉम्प्युटर सुरू होत होता, बंद होत होता, मधल्या वेळात सांगितलेलं काम करत होता. तक्रार असलीच तर त्याचीच माझ्याबद्दल असेल. पण सुखाचा जीव दुःखात घालायची हौस काही जणांना उपजतच असते. एवढी थोरली डिस्क, निम्मी रिकामी. तिथे शेजारी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकू, असं मनात आलं. सुरू होताना मशीन विचारणार, आज कोण? आपण ऐटीत सांगायचं. (आधीच्या सिस्टीमचं नाव मी घेत नाही. तिची यात काही चूक नव्हती.)

1991 साली लिनस टोरवाल्ड्स या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सची घोषणा केली, तीच मुळी ‘हा आपला नुसता छंद’ असं सांगून. वाचून फार धीर आला. छंद म्हणून जे बनलं, ते छंद म्हणून बसवायला काय लागतं?

आयएसओ फाइल, म्हणजे लिनक्स बसवायचं सगळं सामान बांधलेलं एकच गाठोडं, उतरवली, पेनड्राइव्हवर कॉपी केली, मशीन रीस्टार्ट केलं. जुनीच सिस्टीम हसतमुखाने हजर. तीनदा. मग कळलं, ती फाइल पेनड्राइव्हवर नुसती ठेवून भागत नाही. वेगळा प्रोग्राम घेऊन ती ‘लिहावी’ लागते, तेव्हा कुठे मशीन त्यावरून सुरू होतं. म्हणजे औषधाची बाटली उशाशी ठेवून मी ताप उतरायची वाट बघत होतो.

पुढे कळ. मशीन सुरू होता होता कोणती तरी कळ दाबायची असते. एफ2, एफ12, डिलीट, एस्केप. ज्याच्या त्याच्या मशीनचा रिवाज वेगळा. वेळ जेमतेम दोन सेकंद. मी चारही कळा तबल्यासारख्या बडवल्या. आईने दारातून पाहिलं आणि दुसऱ्यांदा विचारलं.

बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, पोचलो तर तिथे ‘सिक्युअर बूट’ चालू. म्हणजे अनोळखी सिस्टीमला सुरूच होऊ न देणारा बंदोबस्त. ते बंद करायचं असतं असं कुठेसं वाचलं होतं. (हल्ली बऱ्याच लिनक्सना ते चालू असलेलं चालतं. हे मला नंतर कळलं. या लेखातलं सगळंच मला नंतर कळलं.) बंद केलं, सेव्ह केलं आणि गडबडीत पुन्हा जुन्याच घरात शिरायला गेलो, तर दारावर निळी पाटी: 48 अंकी किल्ली सांगा. सहा-सहा अंकांचे आठ गट. डिस्कला कुलूप आहे हेच मला माहीत नव्हतं, किल्ली कुठली माहीत असणार! बायोसमध्ये कुणी ढवळाढवळ केली की डिस्कला चोराचा संशय येतो म्हणे. संशय रास्त होता. सिक्युअर बूट निमूटपणे पुन्हा चालू केलं, तेव्हा एक अंकही न विचारता दार उघडलं. आत गेल्या गेल्या आधी ते कुलूपच काढून टाकलं. त्यात दुपार गेली.

आता पार्टिशन, म्हणजे डिस्कचे वेगवेगळे भाग पाडणं. मराठीत याला वाटणी म्हणतात आणि अनुभवही तोच येतो. डिस्कवर 200 जीबी मोकळे दिसत होते. आकसून किती जागा देशील, असं विचारलं तर म्हणे 18. बाकीची जागा मोकळीच, पण तिच्या पार टोकाला एक फाइल खाट टाकून पडलेली. हलणार नाही. कोण ही, म्हणून चौकशी केली तर हायबरनेशनची. मशीन झोपी जाताना काय काय उघडं होतं ते ही लिहून ठेवते. पलीकडे तिची बहीण, मेमरी अपुरी पडली की उरलेलं सांभाळणारी पेजिंग फाइल, तीही अंथरुणाला खिळलेली. दोघींना बंद करून रीस्टार्ट केल्यावर 18 चे 90 झाले. वाटणीत म्हातारी माणसं मध्ये पडतात ती अशी.

लिनक्स बसवायला मात्र वीस मिनिटंही लागली नाहीत. एवढ्या सुरळीत गोष्टीवर काय लिहायचं!

खरं तर इथे थांबायला हवं होतं. पण लिनक्सला 40 जीबीच दिले, कमी दिले, असं रात्री वाटायला लागलं. पुन्हा नीट करू म्हणून जुन्या सिस्टीममध्ये जाऊन लिनक्सचं पार्टिशन उडवलं आणि रीस्टार्ट केलं. काळा पडदा, त्यावर ‘नो सच पार्टिशन’, आणि खाली ‘ग्रब रेस्क्यू’ असं लिहून लुकलुकणारा कर्सर. ग्रब म्हणजे दारावरचा पहारेकरी, आज कोण असं विचारणारा. त्याचं सगळं बिऱ्हाड लिनक्सच्या घरात होतं, आणि ते घर मी नुकतंच पाडलं होतं. नावात रेस्क्यू आहे म्हणून मी मोठ्या आशेने ‘हेल्प’ टाइप केलं. उत्तर आलं: ‘अननोन कमांड’. त्या अवस्थेत त्याला फक्त चार आज्ञा कळतात आणि मदत त्यात नाही.

आईने पाचव्यांदा विचारलं. या वेळी दबक्या आवाजात, आजारी माणसाच्या खोलीत विचारतात तसं.

रात्री दीड वाजता कळलं की जुन्या सिस्टीमच्या केसालाही धक्का लागलेला नव्हता. एफ12 दाबून यादीतून तिचं नाव निवडलं की झालं. तीन तास मी वारलेल्या पहारेकऱ्याशी हुज्जत घालत बसलो होतो, मागचं दार सताड उघडं होतं. रविवारी लिनक्स पुन्हा बसवलं. या वेळी 90 च्या 90.

मग घड्याळ बिघडलं. एकीने मशीनमधलं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेला लावायचं, दुसरीने ते स्थानिक समजून वाचायचं. लिनक्समधून जुन्यात आलं की घड्याळ काही तास मागे. एका ओळीच्या आज्ञेने लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला लावली, पण तोवर एका ऑनलाइन मीटिंगला मी ती संपल्यावर हजर झालो होतो.

सोमवारी आईचा फोन.

“अरे, काळ्या पडद्यावर चार ओळी आल्यात. कोणती दाबू?”

“काही दाबू नकोस. दहा सेकंद थांब, तो आपणहून सुरू होईल.”

थोडा वेळ शांतता.

“झाला सुरू?”

“झाला. मग विचारतो कशाला?”