‘चेन ब्लॉक, दोर आणि दोन माणसं पुरेत’: इंजिन उतरवण्याच्या फिरत्या सल्ल्याला उत्तर

ट्रकचं इंजिन आणि गिअरबॉक्स उतरवण्याबद्दल एक सल्ला मोबाइलवर सारखा फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: क्रेनची गरज नाही, दोन टनी चेन ब्लॉक (हाताने साखळी ओढून वजन उचलायची कप्पी), एक जाड दोर किंवा जुनी साखळी आणि एक जॅक एवढ्यावर 600 किलोचं इंजिन निघतं. गिअरबॉक्स जॅकवर घेऊन दोघांनी धरला की उतरतो. बसवताना फट राहिली तर बोल्ट आवळून ओढून घ्यायची. आणि इंजिन जमिनीवर टेकलं की धोका संपला. यातली एकच गोष्ट खरी आहे, चेन ब्लॉकने इंजिन निघतं. बाकीचे मुद्दे एकेक करून पाहू.

‘ब्लॉक दोन टनी, इंजिन 600 किलो, म्हणजे तिपटीहून जास्त ताकद’

हा हिशेब फक्त ब्लॉकचा झाला. भार वरच्या तुळईपासून ब्लॉक, हूक, शॅकल (पिन घालून बंद होणारी जोडकडी), साखळी, इंजिनावरची उचलण्याची पट्टी आणि ती पट्टी धरणारा बोल्ट या सगळ्यांतून जातो. त्यात जे सगळ्यात कच्चं, तेवढीच तुमची ताकद. 12 मिलिमीटरच्या प्रमाणित आयबोल्टची, म्हणजे डोक्याला कडी असलेल्या बोल्टची (डिन 580 या जर्मन मानकाप्रमाणे), सरळ उभ्या ओढीची मर्यादा 340 किलो असते. 45 अंश तिरकी ओढ पडली की ती 240 किलोवर येते. असे दोन लावले तरी 480 किलोच झाले. इंजिनाला कंपनीने दिलेल्या पट्ट्या असतील तर त्याच वापरायच्या, त्यांच्याच ग्रेडच्या बोल्टवर. इनटेक मॅनिफोल्डचा (हवा आत नेणाऱ्या नळ्यांचा) किंवा टॅपेट कव्हरचा (इंजिनाच्या वरच्या झाकणाचा) स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, उचलण्यासाठी नसतो.

त्याहून मोठी चूक कोनाची. केबिनखाली किंवा छताखाली उंची कमी पडते म्हणून साखळी आखूड करतात, आणि नेमका तिथेच ताण वाढतो. पुढे-मागे दोन पाय असलेल्या साखळीने 600 किलो उचलले, तर हुकापाशी दोन पायांत 60 अंशांचा कोन असताना एकेका पायावर सुमारे 350 किलो येतात. कोन 90 झाला की 425. 120 अंशांवर प्रत्येक पाय पूर्ण 600 किलो ओढतो, आणि 150 अंशांवर जवळजवळ 1160. इंजिनाचं वजन तेवढंच आहे, साखळीच्या पायावर मात्र 60 अंशांच्या तिपटीहून जास्त ताण आहे.

मोजायला कोनमापक लागत नाही. उचलण्याच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजा; साखळीचा प्रत्येक पाय किमान तेवढा लांब हवा. अंतर 80 सेंटीमीटर आणि पायही 80, म्हणजे कोन 60 अंश. तोच पाय 46 सेंटीमीटरवर आणला की कोन 120 च्या आसपास जातो. तेव्हा दोन्ही पट्ट्यांना एकमेकींकडे खेचणारा आडवा जोर 500 किलोंच्या वर असतो. पट्टी आत वाकते, साखळी टॅपेट कव्हरवर आणि इंजेक्टरच्या पाइपांवर दाबली जाते. उंची कमीच असेल तर साखळी आखूड करू नका, आडवा लोखंडी बार लावा, म्हणजे दोन्ही पाय उभे राहतात. इंजिन तिरकं करून काढायचं असेल तर स्क्रूने सरकणारा लेव्हलर, म्हणजे इंजिनाचा कल बदलणारा बार, वापरा. एक पाय आखूड करून तिरपं लटकवलं की भार सुटताच ते झुलतं.

फोल्डिंग क्रेनबद्दलही हाच गैरसमज आहे. ‘2 टन’ हा आकडा बूम (क्रेनचा लांब-आखूड होणारा हात) पूर्ण आत असतानाचा. बऱ्याच दोन टनी क्रेनमध्ये बूम एकेक भोक पुढे काढला की क्षमता 1500, 1000 आणि शेवटच्या भोकावर 500 किलो होते. इंजिनापर्यंत हात पोचवायला बूम बाहेर काढावाच लागतो, तेव्हा बूमवर छापलेला त्या भोकाचा आकडा वाचूनच हूक लावा.

‘जाड दोर किंवा जुनी साखळी चालते’

गाठ मारली की दोराची ताकद साधारण निम्म्यावर येते, आणि तेलकट दोराची गाठ सरकते ती वेगळीच. साखळी उचलण्यासाठी ग्रेड 80 किंवा 100 ची हवी. कडीवर 8 किंवा 10 असा ठसा असतो. ग्रेड 70 ची साखळी माल बांधण्यासाठी आहे, उचलण्यासाठी नाही. ठसा नसलेली साखळी कितीही जाड दिसली तरी बाजूला ठेवा. बोल्ट घालून जोडलेली, वेल्डिंग केलेली किंवा 10 टक्के झिजलेली कडी दिसली तर ती साखळी बाद. हुकाचं तोंड उघडलेलं असेल तर तो हूक आधी कधीतरी जास्त भाराने ताणला गेलेला आहे. ‘वर्षानुवर्षं असंच चालतं’ म्हणणाऱ्यांनी आपला हूक एकदा नव्या हुकाशेजारी ठेवून पाहावा.

पॉलिएस्टरचे पट्टे चांगले. जांभळा 1 टन, हिरवा 2 टन, पिवळा 3 टन. पण फास करून वापरला की त्यातले 80 टक्केच धरायचे. आणि इंजिन ब्लॉकच्या ओतीव धारेवर पट्टा थेट टेकवायचा नाही, मध्ये जाड रबर घालायचं. धार पट्ट्याला कापते, आणि कापलेला पट्टा आधी कुरकुरत नाही.

‘वजन आलं की थेट वर ओढा’

चेसिसवरून 600 किलो हलके होऊ लागले की पुढच्या स्प्रिंगा मोकळ्या होतात आणि चेसिस इंजिनामागे वर येते. इंजिन सुटलंय असं वाटतं, प्रत्यक्षात फाउंडेशन (इंजिन चेसिसला धरणारा आधार) अजून अडकलेलं असतं. म्हणून चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि भार हळू घ्या. इंजिन दोन-तीन सेंटीमीटर उचललं की थांबा आणि भोवती फिरून पाहा. अर्थिंगची पट्टी सगळ्यात जास्त विसरली जाते. त्याखालोखाल डिझेलची परतीची नळी आणि सेन्सरच्या वायरी. अडकलं तर पहारेने उचकटू नका आणि चेन ब्लॉकने तिरकं ओढू नका. चेन ब्लॉक फक्त उभ्या ओढीसाठी बनलेला असतो.

‘गिअरबॉक्स जॅकवर घ्या, दोघांनी धरा’

मध्यम ट्रकचा गिअरबॉक्स दीडशे किलोंच्या आसपास, मोठ्या ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाचा 300 च्या आसपास. त्याचा तळ गोल आणि वजनाचा मध्य एका बाजूला. साध्या बॉटल जॅकच्या तळहाताएवढ्याही नसलेल्या डोक्यावर तो कलंडतो, आणि कलंडताना कोणाच्याही हातांना ऐकत नाही. रुंद पाळणा आणि बांधायची साखळी असलेला ट्रान्समिशन जॅकच हवा.

क्रम असा. आधी तेल काढा. इंजिनाचं मागचं फाउंडेशन बेल हाउसिंगवर (इंजिन-गिअरबॉक्समधल्या क्लचच्या कवचावर) असेल तर इंजिनाला वेगळा टेकू द्या, नाहीतर गिअरबॉक्स निघताच इंजिन मागे खाली येईल. समोरासमोरचे दोन बोल्ट काढून त्या जागी बिनडोक्याचे लांब स्टड बसवा. पाळण्याचा कल इंजिनाच्या कलाएवढा ठेवा, साखळी बांधा, भार घ्या, मगच उरलेले बोल्ट सोडा. इनपुट शाफ्ट (गिअरबॉक्सचा पुढचा दांडा) क्लच दाबणाऱ्या प्रेशर प्लेटच्या बोटांतून पूर्ण बाहेर येईपर्यंत गिअरबॉक्स सरळ मागे सरकवा आणि त्यानंतरच खाली घ्या. मध्येच खाली घेतला तर सगळं वजन शाफ्टवरून क्लच प्लेटच्या हबवर (मधल्या भागावर) लटकतं आणि हब वाकतो.

‘फट राहिली तर बोल्टने ओढून घ्या’

हा या सल्ल्यातला सगळ्यात महागात पडणारा भाग. क्लच प्लेट डमी शाफ्टने (मध्य जुळवायच्या नकली दांड्याने) मध्यावर आणलेली असेल आणि दोन्ही कल जुळले असतील, तर गिअरबॉक्स हाताच्या जोरानेच बेल हाउसिंगला टेकतो. शेवटची 10 मिलिमीटर फट राहिली, तर कारण आत आहे: स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा) जुळलेली नाही, शाफ्टचं टोक ते धरणाऱ्या पायलट बेअरिंगसमोर आलेलं नाही किंवा डॉवेल (जागा जुळवणारी पिन) अडकलाय. फट वर आणि खाली मोजा. कमीजास्त असेल तर पाळण्याचा कल बदला. सारखी असेल तर गिअर टाकून मागचा फ्लँज हाताने थोडा फिरवा, स्प्लाइन बसेल. बोल्टने ओढलं तर बेल हाउसिंगचा कान तुटतो किंवा हब वाकतो. वाकलेला हब गाडी चालू केल्यावर कळतो. क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर कर्कश आवाज करतात, आणि सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

‘जमिनीवर टेकलं की धोका संपला’

इंजिन चेंबरवर (खालच्या तेलाच्या भांड्यावर) टेकवून ठेवता येत नाही. ॲल्युमिनियमचा चेंबर तडकतो. पत्र्याचा दबून तेलाच्या जाळीला चिकटतो आणि मग ऑइल प्रेशर मिळत नाही. दोन्ही बाजूंच्या फाउंडेशन ब्रॅकेटखाली आधार देणारी लाकडी किंवा लोखंडी घोडी आधी तयार ठेवा. क्रेनवर लटकवून न्यायचंच असेल तर इंजिन जमिनीपासून जेमतेम वर ठेवा आणि वाटेतले नट-बोल्ट आधी झाडून घ्या. क्रेनचं लहान चाक एका नटावर अडलं तरी इंजिन पुढे झुलतं.

टेम्पोत घालून न्यायचं तर बांधणीचाही हिशेब आहे. जोराच्या ब्रेकला वजनाच्या 80 टक्के जोर पुढे लागतो, म्हणजे 600 किलोंच्या इंजिनाला 480 किलो. बाजूंना आणि मागे वजनाच्या निम्मा धरा. घोडी पुढच्या फळीला टेकवून ठेवा, खाली रबर घाला, रॅचेट पट्टे इंजिनाच्या ब्रॅकेटवरून तिरके घ्या. टायरवर ठेवलेलं इंजिन दचक्यांनी दबत राहतं आणि पट्टे सैल होतात, म्हणून टायर नको. पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळा.