समतेच्या लढ्यात उतरा, पण इस्त्री मोडू देऊ नका

बैठक सहाची असेल तर साडेसहाला पोचा. तोवर खुर्च्या मांडून झालेल्या असतात, माईकची खरखर थांबलेली असते आणि ज्याच्यावर अन्याय झालाय तो माणूस एकदाचा बोलायला उभा राहिलेला असतो. त्याला मध्येच थांबवून "मला फक्त दोनच मुद्दे मांडायचेत" असं म्हणायला याहून चांगली वेळ नाही. सुरुवात "मी स्वतः आयुष्यात कधीच भेदभाव केला नाही" या वाक्याने करा. फार गुणी वाक्य आहे. ते उच्चारताच विषय त्या माणसावरून उडून तुमच्यावर येऊन बसतो आणि सहसा परत जात नाही.

त्याला बोलू द्यावंच लागलं तर सुराकडे लक्ष ठेवा. आवाज चढला की "असं बोललात तर लोक तुटतील" हे मायेने सांगा. खालच्या आवाजात बोलला, तर मग प्रकरण एवढं गंभीर नसावं. पुरावा मात्र दोन्ही वेळेला मागा.

पुढची पायरी ठरावाची, आणि इथे मी थोडा रेंगाळणार, कारण हे माझं लाडकं हत्यार आहे. ठराव सगळ्यांना आवडतो, टाळ्या मिळतात, छापून येतो. १९२३ साली मुंबईच्या विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. इथपर्यंत सगळं कसं सुरळीत होतं. कागद खुला, तळं बंद, कुणाचीच तक्रार नाही. म्हणजे ज्यांची होती त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मग २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. ठरावाचा अर्थ इतका शब्दशः लावायचा असतो का? परतणाऱ्यांना मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, नगरपालिकेने ऑगस्टमध्ये ठराव मागे घेतला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं. एका ओंजळीपायी केवढी ही यातायात! तेव्हा ठराव जरूर करा, फक्त तो कुणी वापरणार नाही एवढी काळजी घ्या.

घरी मुलांना थोरांच्या गोष्टी सांगताना निवड करा. अमेरिकेतल्या रोझा पार्क्स नावाच्या कृष्णवर्णीय बाई कामावरून दमून आल्या होत्या म्हणून गोऱ्या प्रवाशासाठी बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत, इथपर्यंत ठीक. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या, त्यांच्या माँटगोमेरी शहरातल्या शाखेच्या त्या १९४३ पासून चिटणीस होत्या, हे मात्र गाळा. नाहीतर मुलं विचारतील, चिटणीस काय करतो? आणि मग सांगावं लागेल की तो इतिवृत्त लिहितो, लोकांच्या तक्रारी टिपून घेतो, पत्रं पाठवतो, वर्षानुवर्षं. त्यानंतर तिथल्या कृष्णवर्णीयांनी बसवर टाकलेला बहिष्कार ३८१ दिवस चालला हेही नको. तेवढे दिवस रोज पहाटे कोण कुणाच्या मोटारीतून जाणार, कुठल्या कोपऱ्यावर थांबणार, पेट्रोलचे पैसे कोण भरणार, याच्या याद्या कुणीतरी करत होतं. लढ्यात असल्या याद्या असतात हे कळलं तर पुढची पिढी घाबरेल. त्यापेक्षा दमलेली बाई बरी. आपणही एक दिवस पुरेसे दमू आणि इतिहास घडेल, अशी आशा राहते.

अन्याय नेहमी दुसऱ्याच्या आवारातला निवडा. स्वतःची कचेरी, स्वतःची सोसायटी यांना लढ्यात ओढायचं नाही. १९८४ मध्ये आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात एका दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या मुलीने वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेतून आलेली फळं विकायला नकार दिला. तिला निलंबित केलं, तर सोबतची माणसंही संपावर गेली. संप अडीच वर्षांहून जास्त चालला. १९८७ मध्ये आयर्लंडने दक्षिण आफ्रिकेतल्या फळं-भाज्यांची आयात बंद केली खरी, पण पगार बुडाला त्याचं काय? तुम्ही असता तर फळं विकली असती आणि संध्याकाळी प्रोफाइलचा फोटो काळा केला असता. पगारही शाबूत, निषेधही नोंदवलेला.

एक धोका तेवढा सांगून ठेवतो. बैठक संपता संपता तो मघाचा माणूस तुमच्याकडे येईल. भाषणाबद्दल आभार मानेल आणि हळूच म्हणेल, "त्या दिवशी तुम्ही तिथेच होतात, सगळं पाहिलंत. साक्षीला याल का? नाव आणि सही, एवढंच लागेल." खांद्यावर हात ठेवा. "मनाने मी तुमच्यासोबतच आहे, वकिलाशी बोलून कळवतो" म्हणा आणि निघा. वकील नसला तरी चालतं.